आईचे कान

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

शाळेत आम्हाला पत्राचे मायने पाठ करायला लावले होते. वडिलांना कोणता, गुरुजनांना कोणता, दुकानदाराला कोणता. घर सोडून गेलेल्या थोरल्या बहिणीला काय लिहावे, हे त्या तक्त्यात नव्हते. म्हणून नुसते 'ताई'.

परवा तू चिडून म्हणालीस, "फोनवर तू नुसती हं हं करतेस. काय ते लिहून कळव, आणि मुद्द्याचं कळव." मुद्दा असा, की बाबांची श्रवणचाचणी मी काल आमच्या दवाखान्यात स्वतः घेतली. तुला हवा होता तो अहवाल सोबत जोडला आहे. त्यांचे कान त्यांच्या वयाच्या मानाने फारच चांगले आहेत. शेवटच्या ओळीत मी लिहिले आहे : 'रुग्ण नसलेल्या आवाजांनाही प्रतिसाद देतात.' खाली माझी सही आणि डॉक्टरबाईंचा शिक्का आहे. बाबांना दाखल करून घ्यायला तुझ्या शहरातल्या त्या वृद्धांच्या संस्थेला एवढे पुरेल, असे वाटते.

घरची स्थिती तू डिसेंबरात पाहिलीसच. त्यानंतर ती बिघडली आहे. मागच्या खोलीत आवाज येतो, हे त्यांचे पालुपद चालूच आहे. "कुणीतरी शेजारच्या खोलीत तोंड मिटून गुणगुणतंय, आणि मधेच श्वास घ्यायला थांबतंय," असे ते म्हणतात. त्यांनी भिंतीवरचे घड्याळ काढून ठेवले. पलंग स्वयंपाकघरात आणला. वरच्या मजल्यावर जाऊन तिथल्या बाईंना "तुमचं कोणतं यंत्र चालू आहे?" असे विचारून आले, त्या बाई आता जिन्यात भेटल्या की माझ्याकडे फार प्रेमाने पाहतात. आणि गेल्या आठवड्यात मी कामावर असताना त्यांनी हातोडीने भिंतीचा गिलावा फोडला. आत नळ नव्हता. विटा होत्या.

तू दोन दिवस त्या खोलीत बसलीस, तुला काही ऐकू आले नाही. मी तर रोजच बसते. तू न्यायालयात दिवसभर लोकांच्या साक्षी टिपतेस. "दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या की संपलं," हे तुझेच वाक्य. जुळल्या आहेत.

दहा मार्चला तू गाडी घेऊन येशील, असे मी बाबांना अजून सांगितलेले नाही.

तुझी,
धाकटी

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

तुझे पत्र पोचले. "पुस्तकी किड्याने पहिल्यांदाच उपयोगाचं काही लिहिलं" हे वाक्य मी कौतुक म्हणून घेतले आहे. दुसरा काही अर्थ असल्यास कळवू नकोस.

बाबांच्या भासांवरच्या गोळ्या सुरू झाल्या. बाबा सकाळी उशिरा उठतात आणि उठल्यावरही बराच वेळ उठलेले नसतात. काल कंपासपेटी काढून बसले होते. उगीच एक वर्तुळ काढू लागले, तर पेन्सिल सुरुवातीच्या बिंदूला येऊन मिळालीच नाही. चाळीस वर्षे फळ्यावर हाताने वर्तुळ काढणारा माणूस! त्यांनी कागद उलटा करून ठेवला आणि मला म्हणाले, "आवाज थांबला बरं का. आता येत नाही."

मी म्हटले, "खरंच?"

"खरंच. तुझ्या डॉक्टरला सांग. थोरलीलाही कळव."

मी कळवते आहे. पण पलंग अजून स्वयंपाकघरातच आहे, ताई. मागच्या खोलीत कपडे घ्यायला जातात तेव्हा दारात क्षणभर थांबतात, आणि मग पाण्यात उतरावे तसे आत शिरतात. आवाज थांबला असेल, तर ते कशात उतरतात?

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली होती. मुद्द्याची नव्हती म्हणून. चाचणीची खोली तू पाहिलेली नाहीस. जाड दार, भिंतींना स्पंज, एक लहान काच. रुग्ण आत हेडफोन लावून बसतो, हातात एक बटण. मी काचेच्या बाहेरून एकेक सूर लहान लहान करत सोडते, आणि त्याला ऐकू आला की तो बटण दाबतो. माझ्याही कानाला एक हेडफोन असतो, म्हणजे काय चालले आहे ते मला कळत राहते. बाबा आत ताठ बसले होते, सदऱ्याचे वरचे बटणही लावलेले. उंच सुरांत त्यांचे सारे ठीक होते. खालचे, घुमणारे सूर आले, तेव्हा जिथे मला काहीच ऐकू येईना तिथेही ते बटण दाबत राहिले. मी आणखी लहान केला. दाबले. आणखी लहान. दाबले. मी त्यावरून ती शेवटची ओळ लिहिली.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, "पास झालो का?"

मी म्हटले, "बाबा, यात पास-नापास नसतं."

"असतं," ते म्हणाले. "तू काचेतून बघत होतीस ना, तेव्हा तुझा चेहरा मी वर्गात करायचो तसा होता."

स्वागतकक्षात बसणाऱ्या काकू (रुग्णाला बोलावायला टेबलावरची घंटा हाणतात, म्हणून आम्ही त्यांना घंटाकाकू म्हणतो) हे ऐकून हसल्या. मीही हसले.

हल्ली मला वाचताना एक खोड लागली आहे. कुठलेही वाक्य आले की मी विचारते, हे मला कसे माहीत? पृथ्वी फिरते. रक्त फिरते. प्रकाश सरळ रेषेत जातो. यातले मी काहीएक पाहिलेले नाही. मी शाळेत दरवर्षी पहिली येत असे, ती मला पुष्कळ माहीत होते म्हणून नव्हे. कोणावर विश्वास ठेवला की गुण मिळतात, हे माहीत होते म्हणून. आणि बाबा तर तोंडावर सांगायचे, "सिद्ध झालं नाही, म्हणजे नाही." घरात ते वाक्य आता त्यांच्यावरच चालवले जाते आहे, आणि ते चालवते मी, त्यांची आवडती विद्यार्थिनी.

तू म्हणशील, मुद्द्यावर ये. मुद्दा असा, की आवाज थांबला, असे बाबा म्हणतात.

धाकटी

२२ फेब्रुवारी, शनिवार

ताई,

हे पत्र मी दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर बसून लिहिते आहे. अक्षराकडे दुर्लक्ष कर.

आज यंत्राच्या वार्षिक तपासणीला माणूस आला होता. दरवर्षीचा नव्हे, नवा. त्याच्याकडे आवाज मोजायची पेटी होती. त्याने हेडफोन त्या पेटीला लावला, एकेक सूर सोडला, आकडे पाहिले. उंच सुरांना मान डोलावत गेला. खालच्या सुरांना थांबला.

"हे खालचे सूर कुणी एवढे वाढवून ठेवलेत?"

मी म्हटले, "वाढवलेले नाहीत. ते कमी पडत होते. गेल्या वर्षी दुरुस्त करून घेतलेत."

"कमी पडत होते हे कुणी ठरवलं? मापून?"

"मी... ऐकून."

 पेन कानामागे अडकवून माझ्याकडे बघत राहिला. उद्धटपणे नाही, काळजीने.

तुला हे नीट समजावे म्हणून सांगते. रोज सकाळी, पहिला रुग्ण येण्याआधी, मी स्वतः हेडफोन लावून सगळे सूर ऐकते. मला ऐकू आले म्हणजे यंत्र ठीक. हे काम निरोगी कानांच्या माणसाने करायचे असते. माझे कान निरोगी आहेत, हे सर्वांनी गृहीत धरले होते; मीही. जिथे दिवसभर लोकांचे कान तपासले जातात तिथे माझे कुणी तपासले नाहीत, जशी फूटपट्टी कुणी मोजून पाहत नाही. गेल्या वर्षी मला खालचे सूर अगदी मंद वाटले, तेव्हा मी जुन्या माणसाला बोलावले. तो घाईत होता. तो यंत्राचा स्क्रू फिरवत विचारत गेला, "बाई, आता?" मी म्हणत गेले, "अजून थोडा."

म्हणजे बाबा ज्या सुरांना बटण दाबत होते, ते सूर होते, ताई. मोठे होते. हेडफोनमधून स्पष्ट येत होते. काचेच्या बाहेर बसून मी त्यांना 'नसलेले' म्हटले.

तो अहवाल कुणाला दिला असशील, तर परत माग. नसेल दिला, तर फाडून टाक.

घंटाकाकू हाक मारत आहेत.

धाकटी

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

काल तू फोनवर म्हणालीस, "यंत्र बिघडलं म्हणून बाबांची भिंत बोलायला लागत नाही. मी स्वतः बसले होते तिथे. मलाही काही आलं नाही ऐकू. माझे कान तर तुझ्या दवाखान्यातले नाहीत ना?" मला फोनवर सुचत नाही. उत्तर आता लिहिते. बसून वाच.

डॉक्टरबाईंनी मंगळवारी मला त्या खोलीत बसवले. यंत्र दुरुस्त झालेले होते. मी ताठ बसले, बटण हातात, आणि काचेतून बाईंचा चेहरा पाहत राहिले. मला समजले, की माणूस त्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करतो, आत्ता दाबायला हवे होते का. बाबा ताठ का बसले होते, तेही समजले.

माझे उंच सूर उत्तम आहेत. बोलणे, पक्षी, दाराची घंटा, सारे मला इतरांइतकेच ऐकू येते. खालचे सूर मात्र नाहीत. थोडे कमी, असे नव्हे. एका रेषेखाली मला जगच नाही. बाईंनी विचारले, "लहानपणापासून असणार. घरात आणखी कुणाला?" मी म्हटले, नाही. जिना उतरताना मला आई आठवली.

तुला जेवणाच्या टेबलावरचे ते रोजचे भांडण आठवते? बाबा घास हातात धरून म्हणायचे, "बस आली." आई म्हणायची, "कुठंय? मला तर काही ऐकू नाही आलं." आणि थोड्या वेळाने कोपऱ्यावरून खरेच बस वळायची. आपण दोघी टाळ्या पिटायचो आणि आई म्हणायची, "काही नाही गं, घड्याळ बघून सांगतात. मोठे आलेत कानवाले!" आपण तिघी हसायचो. तिघी, ताई. आपल्या घरात तीन विरुद्ध एक असे मत कायम पडलेले असायचे, आणि एक माणूस खोटा ठरायचा, हसत हसत. त्यांनाही पुढे वाटू लागले असेल, की आपण घड्याळच बघत असू.

बाई म्हणाल्या, हे आईकडून मुलींकडे येऊ शकते. येतेच असे नाही. म्हणून तुला एवढेच सांगते, की तुझ्या शहरात कुठेही जाऊन खालच्या सुरांची चाचणी करून घे. तू आणि मी स्वतंत्र साक्षीदार होतो, असे आपण धरून चाललो. आईचेच कान दोघींना आलेले असतील, तर आपण दोघी मिळून एकच साक्षीदार आहोत, आणि तोही बहिरा.

आणखी एक. नोव्हेंबरात बाबांनी फोन भिंतीला लावला होता, तुला ऐकवायला. तू म्हणाली होतीस, "बाबा, भिंत काही बोलत नाहीये." तुझा दोष नाही. फोनची तार इतके खालचे सूर वाहूनच नेत नाही. हे मी पाठ केले होते. परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. त्या दिवशी मी शेजारी उभी होते, आणि मला ते आठवले नाही.

तू विचारलेस, "मग आहे का आवाज? हो की नाही ते सांग." ताई, मला माहीत नाही. मी ऐकू शकत नाही, एवढेच आता मला माहीत आहे. हे आधीपेक्षा जास्त आहे की कमी, तेही सांगता येत नाही. कालपासून मला रस्ता ओलांडताना भीती वाटते. माझ्या पाठीमागे काय काय चालू असेल!

गोळ्या डॉक्टरांना विचारून कमी केल्या आहेत.

धाकटी

३ मार्च, सोमवार

ताई,

तुझे दोन ओळींचे पत्र मिळाले. "भावनेच्या भरात लिहू नकोस. पुरावा पाठव, नाहीतर दहाला मी येतेच." हे वाक्य कुणाचे आहे, ते तुला लिहिताना जाणवले की नाही, कोण जाणे.

पुरावा मिळवण्यासाठी काय काय केले ते क्रमाने सांगते.

शनिवारी दुपारी मी घंटाकाकूंना घरी बोलावले. कारण सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांच्या कानांनी माझ्या मनासारखे ऐकले असते. मागच्या खोलीत बसवले, चहा आणायला गेले. त्या स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडल्या, "अगं, खाली कुणाची गाडी चालू राहिलीय का? केव्हाची घुमतेय! पेट्रोल काय फुकट मिळतं यांना?"

माझ्या हातातून चमचा पडला. टेबलापाशी बसलेल्या बाबांनी मान वर केली नाही. फक्त म्हणाले, "आत्ता थांबेल." आणि काकू म्हणाल्या, "थांबली बाई एकदाची."

मग मी त्यांना सारे सांगितले. त्यांनी कपाळावर हात मारला. "कानांच्या दवाखान्यात बसून स्वतःच बहिरी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." पण लगेच पदर खोचून त्या खाली गेल्या, मीही मागोमाग. मागच्या गल्लीत औषधांचे गोदाम आहे, ते तुझ्या वेळी नव्हते. त्याच्या तळघरात यंदाच्या थंडीत नवे शीतयंत्र बसवले आहे. ते आपल्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून आहे, आणि आपोआप चालू होते, बंद पडते. पहारेकरी म्हणाला, "आवाज? कसला आवाज? मला तर सवय झालीय." मी यंत्रावर हात ठेवला. हात थरथरला. कानाला नेहमीसारखी शांतता.

तू म्हणशील, झाले की. मलाही तसे वाटले, जिना चढेपर्यंत. मग वाटले, काकूंचा माझ्यावर जीव आहे. बाबा म्हातारे आहेत. यंत्र आहे, हे खरे. पण बाबा ऐकतात तो आवाज हाच कशावरून? तुला चालेल असा पुरावा एकच होता. रविवारी दुपारी काकूंनी गोदामात उभे राहून, पहारेकऱ्याकडून यंत्र मनाला येईल तेव्हा बंद-चालू करवायचे आणि वेळा टिपायच्या. इकडे बाबांनी आवाज आला की बोट वर करायचे, गेला की खाली, आणि मी वेळा टिपायच्या. मला यंत्र कधी चालू आहे ते कळणार नाही, बाबांनाही नाही. शेवटी दोन्ही कागद ताडून पाहायचे. यात चूक काढायला जागाच नव्हती. असे काही रचता आले की मला फार बरे वाटते, तुला माहीत आहे.

जेवणाचे टेबल ओढून मागच्या खोलीत आणले. बाबांना खुर्चीवर बसवले. समोर मी, हातात पेन्सिल, मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवलेले. बाबांनी बोट वर केले. मी वेळ लिहिली. मग त्यांनी टेबलाकडे पाहिले, घड्याळाकडे, माझ्या पेन्सिलीकडे. आणि हात मांडीवर घेतला.

मी म्हटले, "थांबला आवाज?"

"नाही. चालू आहे." मग म्हणाले, "हे काय चाललंय?"

"ताईला पाठवायचंय, बाबा. फक्त बोट वर-खाली करायचंय. थोडाच वेळ."

"आणि पास झालो तर?"

"तर तुम्हाला कुठे जावं लागणार नाही."

दहा मार्चचे मी त्यांना कधीच सांगितले नव्हते. त्यांनी विचारलेही नाही, कुठे म्हणून. ते टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राहिले, जिथे तुझ्या कंपासच्या टोकाने पडलेला ओरखडा अजून आहे.

"तिलाही मी असंच म्हणालो होतो," ते म्हणाले. "याच टेबलावर. तिनं नक्कल केली असं शाळेतून कळवलं. ती म्हणाली, मी नाही केली. मी म्हटलं, ठीक आहे, माझ्यासमोर बस आणि तोच पेपर पुन्हा सोडव. पास झालीस तर प्रश्नच मिटला."

 मी तेव्हा दाराआडून पाहत होते.

"तेवढेच गुण पडले तिला. आणि प्रश्न मिटला नाही. वर्षभरात घर सोडून गेली. मला वाटायचं, हिला राग कसला? सिद्ध तर झालं होतं ना!" त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि घड्याळाशेजारी ठेवली. "ही परीक्षा मी देणार नाही. थोरलीनंही द्यायला नको होती. मी तिला बसवायलाच नको होतं."

थोड्या वेळाने घंटाकाकू गारठून परत आल्या. त्यांचा कागद वेळांनी भरलेला होता. माझ्या कागदावर एकच ओळ. "अगं, मी त्या बर्फाच्या गुहेत उभी राहून कुडकुडले आणि तू काय करत होतीस?" त्या ओरडल्या. बाबा म्हणाले, "तिला कामाला मी लावलं होतं. पेन्सिलीला टोक करत होती." आणि ताई, ते हसले, गोळ्यांच्या आधी हसायचे तसे.

तेव्हा पुरावा नाही. मी तो मिळवू शकले असते, अजूनही शकेन, बाबांच्या नकळत एखादी युक्ती करून. करणार नाही. गोदामाच्या मालकाला अर्ज दिला आहे, यंत्राखाली रबर घाला म्हणून. त्यात 'आमच्या घरी आवाज येतो' असे लिहिले, आणि खाली सही करताना हात अडखळला, कारण तो आवाज मला ऐकू येत नाही. पण सही केली. पृथ्वी फिरते यावर मी कधीच सही करून बसले आहे. तसे सांगणाऱ्यांना मी पाहिलेही नव्हते.

तुला त्यांचे ते वाक्य, 'मी तिला बसवायलाच नको होतं', पाठवते आहे. ते मी ऐकले आहे. मधल्या सुरातले होते. माझ्या कानांना ते सूर पुरते ऐकू येतात. त्याला साक्षीदार मी एकटीच आहे, आणि मी काय ऐकते काय नाही हे तू आता जाणतेस. विश्वास ठेवायचा की नाही, ते तू ठरव.

दहाला गाडी घेऊन येणार असशील, तर येऊ नकोस. नुसती येणार असशील, तर ये. बाबांनी पलंग पुन्हा मागच्या खोलीत नेला आहे. आवाज थांबलेला नाही. "आता तो आहे हे तुला माहीत आहे, मग राहू दे," असे म्हणतात.

संध्याकाळी मी त्या फुटलेल्या गिलाव्यापाशी उभी राहून विटांवर तळहात टेकवते. काहीतरी लागते हाताला, बारीक, सतत. ते भिंतीचे असते की माझ्याच नाडीचे, ते मला अजून ओळखता येत नाही. तू आलीस की तुझाही हात लावून पाहू.

धाकटी